एस्टोनियाला जाणारा शिक्का

आमच्या घरात वस्तू हरवत नाही. हरवूच शकत नाही! हे मी कुणालाही छाती पुढे काढून सांगायचो. म्हणजे गेल्या मे महिन्यातल्या त्या शुक्रवारी दुपारी सव्वा वाजेपर्यंत सांगत होतो.

मी जपानमधल्या ताकाओका गावातल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. देवळांच्या घंटा ओतणारा कारखाना. साडेचार हजार वस्तू, प्रत्येकीला नंबर, प्रत्येकीला खण. डोळे मिटून मागा, डोळे मिटून काढून देतो! घरीही माझा तोच खाक्या. खणांवर चिठ्ठ्या, बरण्यांवर चिठ्ठ्या, भाताचा चमचा टांगायच्या खिळ्यावरसुद्धा चिठ्ठी. आमची ही, यासुए, एकदा म्हणाली, "अहो, माझ्या कपाळावर पण एक चिकटवा, 'बायको' म्हणून. नाहीतर चुकून दुसऱ्या खणात ठेवाल."

मी ते कौतुक समजलो होतो.

आता शिक्क्यांचं सांगतो. आमच्याकडे नुसत्या सहीला कोण विचारतो? नावाचा शिक्का पाहिजे. सातो-सुझुकी अशा घरोघरच्या आडनावांच्या मंडळींचं बरं असतं, त्यांचे शिक्के स्वस्त दुकानात फिरत्या स्टँडवर टांगलेले असतात. आमचं आडनाव मुरोहाशी. त्या स्टँडवर आमचा खिळाच नसतो! म्हणून लग्नानंतर मी तीन शिक्के मुद्दाम कोरून घेतले. एक नगरपालिकेत नोंदवलेला, घरादाराच्या मोठ्या कामांचा. एक बँकेचा. एक रोजचा, टपाल-पार्सलं घ्यायला, तो दारातल्या चपलांच्या कपाटावर. कोरणारा म्हातारा बिचारा सांगत होता, "तिन्ही वेगवेगळ्या आकाराचे करा साहेब, घोटाळा होत नाही." मी म्हटलं, "घोटाळा? माझ्या घरात? तिन्ही एकसारखे करा. एकाच काळ्या शिंगाचे, एकाच मापाचे. ओळीत ठेवले की कसे शिस्तीत दिसतील!" आणि तीन खोकी करून वर चिठ्ठ्या लावल्या: 'नगरपालिका', 'बँक', 'दार'.

खोक्यांवर लावल्या. हे वाक्य ध्यानात ठेवा.

तर आमची एकुलती एक मुलगी चिनामी. विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे, आणि अभ्यास कशाचा? दलदलीचा! हो, चिखलाचा! एक वर्ष एस्टोनियाला जाऊन तिथल्या दलदलीचा अभ्यास करायचा असं तिनं दोन वर्षांपूर्वी जाहीर केलं.

"चिखल बघायला एवढ्या लांब?" मी म्हणालो. "आपल्या मागे भातखाचर आहे की! बूट घालून उतर, फुकट आहे."

"बाबा, ती दहा हजार वर्षांची दलदल आहे."

"मग अजून एक वर्षानं काय बिघडतंय? थांबेल ती."

पण पोरगी जिद्दीची निघाली. दोन वर्षं सुट्टी अशी घेतलीच नाही. गरम झऱ्याच्या एका हॉटेलात भांडी घासली, हाताची सालं निघाली तरी घासली. उरलेल्या खर्चासाठी आम्ही तिच्या जन्मापासून एक खातं भरत आलो होतो. मार्चमध्ये तिची निवड झाल्याचं पत्र आलं आणि यासुए स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडली. मला वाटलं, पोर लांब जाणार म्हणून. तर म्हणाली, "आनंदानं रडतेय हो. मला पण एकदा अशी संधी आली होती. वडील नको म्हणाले." बावीस वर्षं संसार केला, पण हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, हे काम आपण आपल्या हातानं, चोख करायचं.

फीचे पैसे नागोयाच्या एका संस्थेकडे भरायचे होते. शेवटची मुदत शुक्रवार, दुपारी तीन, बँक बंद होईपर्यंत. नाही भरले तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला! यासुए म्हणाली, सोमवारीच भरून टाका. पण भिंतीवरच्या कॅलेंडरात सोमवार अशुभ, मंगळवार अर्धवट, आणि शुक्रवार? सर्वांत उत्तम दिवस! म्हटलं, "एवढं मोठं काम मुहूर्त बघूनच करणार." आणि पैसे भरेपर्यंत शेजारीपाजारी एक अक्षर बोलायचं नाही, दृष्ट लागते, अशी सक्त ताकीदही दिली.

माझा बेत तयार होता. शुक्रवारी अर्धी रजा. एक वाजता बँक. सव्वाला मोकळा. संध्याकाळी तिघांसाठी भाजलेली ईल मासळी आणि भात, दुकानात आधीच सांगून ठेवलेला. सकाळी निघताना कोटाच्या वरच्या खिशात नगरपालिकेचा शिक्काही ठेवला. त्याची गरज काहीच नव्हती. पण एवढी रक्कम भरायला जाणाऱ्या माणसाच्या छातीपाशी काहीतरी वजनदार हवं, नाही का?

बरोबर एक वाजता बँकेत हजर! काउंटरवरच्या मुलीनं कागद घेतला, मी ऐटीत शिक्का उमटवला. तिनं तो आत नेला, परत आणला, पुन्हा आत नेला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "साहेब, माफ करा हं. शिक्का जुळत नाही."

"नीट बघा, बाई. हा बँकेचाच आहे. खोक्यावर लिहिलंय!"

"खोकं जुळतंय साहेब. शिक्का जुळत नाही. तुमच्याकडे दुसरा एखादा आहे का?"

"आहे एक खिशात. पण तो नगरपालिकेचा! त्याचा इथे काय संबंध?"

"एकदा लावून बघायचा का?"

"अहो बाई, मी साडेचार हजार वस्तू सांभाळतो! कुठली कुठे असते ते मला शिकवू नका!"

तिनं बिचारीनं कागद माझ्याकडे परत सरकवला. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात वीज चमकली. डिसेंबरातली मोठी सफाई! घर धुऊनपुसून काढताना मी तिन्ही शिक्के खोक्यांतून काढले होते, जुन्या दातांच्या ब्रशनं घासले होते, वर्तमानपत्रावर ओळीत वाळत घातले होते. कसे शिस्तीत दिसत होते! आणि परत ठेवताना बँकेचा आणि दाराचा यांची अदलाबदल झाली असणार. म्हणजे गेले पाच महिने मी बँकेच्या शिक्क्यानं पार्सलं घेत होतो!

काही हरकत नाही. सायकल काढली, वीस मिनिटांत घरी. चपलांच्या कपाटावर शाईची डबी होती. शिक्का नव्हता.

"यासुए! दारातला शिक्का?"

"असेल की तिथेच." ती हात पुसत आली. "सकाळी फिरत्या फाइलवर मारला, मग तेवढ्यात किटली वाजली..." ती थांबली. तिनं तोंडावर हात ठेवला. "अहो, फाइलच्या प्लास्टिकच्या खिशात पेन असतो ना, त्यातच टाकला वाटतं मी. आणि फाइल दिली नुनोसे काकूंकडे."

फिरती फाइल म्हणजे आमच्या गल्लीच्या सूचनांची. कचऱ्याचे वार, गटार साफ करायची तारीख, हरवलेलं मांजर. एका घरानं वाचायचं, शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायची. पूर्वी ही फाइल एकेका घरी चार-चार दिवस पडून राहायची, नुनोसे काकूंकडे तर आठवडा! पण या वर्षी गल्लीचा प्रमुख मी. मी फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलं होतं: 'मिळाल्यापासून अर्ध्या तासात पुढे द्यावी. अपवाद नाही!'

दोन वाजले होते.

नुनोसे काकू कुंपणापाशीच उभ्या होत्या. "फाइल? कधीच दिली दोई आजींकडे! तुमचाच हुकूम ना, अर्ध्या तासाचा? मी बाई चहा अर्धा टाकून गेले."

"अहो काकू, पण माझा शिक्का आहे त्यात! मला आत्ताच्या आत्ता हवाय!"

"शिक्का?" काकूंचा आवाज उतरला. "आत्ता?"

"तीनच्या आत कागदावर मारून द्यायचाय. एकदा का दिला की सगळे मोकळे!"

काकूंचे डोळे गोल झाले. आता यात काय नवल, असं म्हणत मी पळालो. मला काय ठाऊक, त्या दिवशी सकाळी मी यासुएच्या लोणच्याच्या बरणीवर 'उघडल्याची तारीख' अशी चिठ्ठी लावली होती, आणि ती ओरडली होती, "बास झालं! या घरात एक तर या चिठ्ठ्या राहतील, नाहीतर मी!" आणि काकूंनी ते कुंपणापलीकडून शब्दन् शब्द ऐकलं होतं. आमच्याकडे काडीमोड घ्यायचा तर कोर्टकचेरी नाही. दोघांनी एका कागदावर शिक्के मारायचे आणि नगरपालिकेत नेऊन द्यायचा. झालं!

दोई आजी चौऱ्याऐंशीच्या. दारात मला बघताच त्यांनी माझे दोन्ही हात धरले. काकूंचा फोन माझ्या आधी पोचला होता, हे मला नंतर कळलं.

"बैस रे बाबा. चहा घे."

"आजी, वेळ नाही! फाइल कुठाय?"

"दिली हिरासावा सरांकडे. तुझाच नियम. अरे, मीही चाळीस वर्षं काढली तसल्या माणसाबरोबर. तो जेवताना भाताची शितं मोजायचा! पण मी शिक्का उचलला नाही."

मला वाटलं, म्हातारीला शिक्का चोरल्याचा आळ घेतल्यासारखं वाटतंय. म्हटलं, "आजी, तुमच्यावर कोण संशय घेतंय! शिक्का यासुएच्या हातून गेलाय."

"म्हणजे तिनं मारला सुद्धा?"

"सकाळीच मारला!"

"अरे देवा! मग आता तुझ्या जेवणाचं काय?"

आजींना अचानक माझ्या जेवणाची काळजी का, कळेना. पण खरं ते सांगितलं. "आज ईल! आधीच सांगून ठेवलीय, तिघांची!"

"तिघांची?" आजींनी छातीला हात लावला. "तिसरी कोण?"

उत्तर द्यायला वेळ कुठे होता! मी सायकलवर टांग मारली. मागे आजी फोनकडे धावल्याचा आवाज आला. चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्या एवढ्या चपळ आहेत, याचं मला कौतुकच वाटलं.

हिरासावा सर म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणारे निवृत्त मुख्याध्यापक. माझं आणि यासुएचं लग्न जमवलं ते त्यांनीच. आजही मला 'अरे-तुरे' करतात, आणि त्यांच्यासमोर आजही माझी पाठ आपोआप ताठ होते. सर ओसरीवर मांडी घालून बसले होते. फाइल समोर होती. पेनाचा खिसा रिकामा होता.

"सर, माझा शिक्का?"

"माझ्याकडे आहे. आणि माझ्याकडेच राहील. बस."

"सर, दोन पंचवीस झालेत!"

"बस म्हणतो ना!"

मी बसलो. काय करणार?

"मुरोहाशी, मला सांग, हा विचार तू केव्हापासून करतोयस?"

"वीस वर्षांपासून, सर." मुलीच्या जन्मापासून खातं होतं, खोटं कशाला बोलू? "दर महिन्याला पैसेही बाजूला टाकत आलोय."

सरांचा चेहरा पांढरा पडला. "वीस वर्षं! म्हणजे मी लग्न लावून दिलं आणि लगेच तू... आणि यासुएला माहीत आहे?"

"तिची तर जुनी इच्छा, सर! लग्नाआधीपासूनची! तिच्या वडिलांनी जाऊ दिलं नाही, इतकंच. मार्चमध्ये पत्र आलं तेव्हा आनंदानं रडली हो."

"आनंदानं! आणि चिनामी? पोरीच्या मनाचा काही विचार?"

"तीच घाई करतेय! 'बाबा, शेवटच्या दिवसापर्यंत कशाला थांबलात' म्हणून सकाळी भांडली. मीच म्हटलं, शुभ दिवस बघून करू."

"शुभ दिवस बघून!" सरांनी कपाळ धरलं. "आणि ती कोण आहे? ईल खाणारी?"

"कोण ईल खाणारी?"

"आता मला तोंड वर करून विचारतोस? शरम वाटत नाही? ऐक, मी जिवंत असेपर्यंत हा शिक्का तुला मिळणार नाही!" आणि त्यांनी कमरेच्या पट्ट्यावर हात असा घट्ट दाबला की शिक्का कुठे आहे ते मला कळलं. पण सरांच्या कमरेला हात घालायचं धाडस कोण करणार? मला खरोखर रडू फुटायच्या बेतात होतं. डोळ्यांपुढे पोरीचे ते साल निघालेले हात येत होते. दोन वर्षं तिनं भांडी घासली आणि बाप मुहूर्त बघत बसला! माझ्यामुळे तिची जागा जाणार. दुसऱ्या कुणामुळे नाही, माझ्यामुळे.

तेवढ्यात बाहेर सायकलची घंटी. यासुए! केस विस्कटलेले, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"अहो, पासबुक घरीच विसरलात! सर, शिक्का तुमच्याकडे आहे ना? द्या हो लवकर, तीन वाजायला आले!"

"पोरी, तू सुद्धा?" सर हताश झाले. "तुला हे हवंय?"

"हवंय म्हणजे? मी जन्मभर वाट बघतेय! आज नाही झालं तर चिनामीचं एस्टोनिया गेलं!"

सरांचा पट्ट्यावरचा हात सुटला.

"चिनामीचं काय गेलं?" सरांनी विचारलं.

"एस्टोनिया, सर. ती शिकायला चाललीय. फी भरायचीय बँकेत."

सरांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग कमरेच्या पट्ट्यातून शिक्का काढला, यासुएच्या हातात दिला आणि म्हणाले, "टेम्पो काढतो. मुरोहाशी, तू आयुष्यात एक तरी गोष्ट धड सांगशील का?"

सरांचा छोटा पांढरा टेम्पो. वय वर्षं ऐंशीच्या माणसाच्या हाती. प्रत्येक कोपऱ्यावर पूर्ण थांबणार, उजवीकडे बघणार, डावीकडे बघणार, पुन्हा उजवीकडे बघणार. मी सायकलवर त्यांना मागे टाकलं आणि दोन बावन्नला बँकेत पोचलो. तेव्हा लक्षात आलं, पासबुक आणि शिक्का दोन्ही टेम्पोत यासुएच्या मांडीवर आहेत! चार मिनिटं मी बँकेच्या दारात एक पाय आत, एक बाहेर असा उभा होतो, दार कुणी बंद करू नये म्हणून. पहारेकरी माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघून हसत होतो.

टेम्पो आला. दोन छप्पन्न! तीच मुलगी, तोच काउंटर. मी शिक्का शाईत बुडवला आणि कागदावर दाबला.

ती आत गेली. परत आली. तिचेच डोळे भरून आले होते. "साहेब... हाही जुळत नाही हो."

 मी काउंटर घट्ट धरलं. "यासुए," मी म्हणालो, "मला माफ कर. चिनामीला कसं तोंड दाखवू?"

 यासुएनं माझ्या कोटाच्या वरच्या खिशात दोन बोटं घातली, 'नगरपालिका' लिहिलेलं खोकं काढलं, उघडलं आणि आतला शिक्का कागदावर उमटवला.

मुलगी आत पळाली. अक्षरशः पळाली! आणि काचेपलीकडून तिनं दोन्ही हात डोक्यावर नेऊन मोठ्ठं वर्तुळ केलं.

जुळला! दोन अठ्ठावन्न!

जीव भांड्यात पडला म्हणतात तो कसा पडतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी तिथेच बाकावर बसून लहान पोरासारखा रडलो. पहारेकऱ्यानं मला कागदी रुमाल दिला. सरांनी पाठीवर थाप मारली. यासुए म्हणाली, "उठा आता, तिन्ही शिक्के फिरलेत, हे सफाईच्या दिवशीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. तुम्ही ते शिस्तीत ओळीनं ठेवले तेव्हाच."

म्हणजे बघा: दाराचा शिक्का बँकेच्या खोक्यात. बँकेचा शिक्का अख्खी दुपार माझ्या छातीपाशी, वजनदार! आणि नगरपालिकेचा, ज्याच्या जोरावर माझं घर विकता येतं, तो पाच महिने पार्सलं घेत होता आणि त्या दिवशी गल्लीभर फिरून आला होता.

संध्याकाळी ईल तिघांची नाही, सहा जणांची मागवावी लागली. नुनोसे काकू आल्या, दोई आजी आल्या, सर आले. मी आजींना सगळ्यांसमोर चिनामी दाखवली, "ही ती तिसरी!" म्हणून. आजी म्हणाल्या, "आधी सांगायचं नाही का रे? मी बाई तुझ्यासाठी आठवडाभराचा रस्सा करून ठेवला." त्यांनी डबा खरंच आणला होता.

चिनामी हसून हसून जमिनीवर लोळली. डोळे पुसत म्हणाली, "सर, पण घटस्फोटाच्या कागदाला शिक्का आता लागतच नाही. काही वर्षांपूर्वी नियम बदलला. नुसती सही चालते!"

सरांनी हातातला ईलचा घास खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. मग यासुएला म्हणाले, "याला पेन देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी फिरती फाइल परत आली. माझ्या लाल सूचनेवर सरांनी आडवी रेघ मारून सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'फाइल सावकाश पुढे द्यावी.' खाली गल्लीतल्या सगळ्या घरांचे शिक्के होते.

चिनामी ऑगस्टमध्ये गेली. स्टेशनवर तिनं माझा हात हातात घेतला, तिच्या तळव्यावरची खरबरीत कातडी मला लागली, आणि एवढंच म्हणाली, "बाबा, झालं ना शेवटी."  मी मान हलवली.

यासुएनं आता तिन्ही शिक्क्यांना तीन रंगांचे दोरे बांधलेत. माझ्या खोक्यांत ती बटणं ठेवते.

परवा चिनामीचा निरोप आला. 'बाबा, दलदल फार सुंदर आहे. घर मिळालं, बँकेत खातं उघडलं, नाव नोंदवलं, सगळं फोनवर, बसल्याजागी! इथे शिक्का काय असतो ते कुणालाच माहीत नाही. मी तुमची गोष्ट सांगितली, तर त्यांना वाटलं ही खूप जुन्या काळची आहे.'

मी तो निरोप दोनदा वाचला. छापून घेतला, कायम जपून ठेवण्यासाठी. आणि सवयीनं खाली शिक्का मारला.

कुठला, ते मात्र विचारू नका. दोऱ्याचा रंग बघायला मी विसरलो.